तानपुरा का फुगत होता: ६२ हजारांच्या डॅकचा एक निर्णय

मामांनी फोनवर विचारलेला प्रश्न साधा होता. "अरे, ६२ हजारांचा डॅक घेऊ का?" डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा ऐकता येणारा आवाज करणारा डबा. त्यामागची तक्रार मात्र मी तोवर कधी ऐकली नव्हती. "तानपुरा फुगतोय," ते म्हणाले.

मामा मिरजेत राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, वय ६६, आणि ऐकणं म्हणजे ख्याल, दुसरं काही नाही. मुलीने त्यांना सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन घेऊन दिला होता. हा १९९७ सालचा हेडफोन अजूनही बनतो आणि विकला जातो, यातच त्याची पत कळते. तो त्यांच्या सहा वर्षं जुन्या विंडोज लॅपटॉपला थेट लावलेला होता. गाणी बहुतेक स्वतः सीडीवरून उतरवलेली, फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल्समध्ये.

फुगतोय म्हणजे काय, हे त्यांनी फोनवर नीट समजावून सांगितलं. गायक स्वर सोडतो, श्वासाला थांबतो, आणि मागचा तानपुरा हळूहळू मोठा होत जातो. पुन्हा स्वर लागला की तो दबतो. "मैफलीत असं होत नाही. तानपुरा आपल्या जागी असतो, गवई त्याच्यावर येतो नि जातो." पुण्यातल्या एका दुकानात त्यांनी हे सांगितलं. तिथे निदान झालं की लॅपटॉपमधला डॅक हलका आहे, त्यात जिटर आहे, आणि उपाय म्हणून ६२ हजारांचा डेस्कटॉप डॅक आणि वर ९ हजारांची यूएसबी केबल सुचवली गेली. आठवडाभर घरी ऐकून बघायला दोन्ही दिलं, हे त्यांनी चांगलं केलं.

मे महिन्यात मी चार दिवस मिरजेला गेलो. बॅगेत एक मल्टिमीटर, अॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन असा हजार रुपयांच्या आसपास मिळणारा डोंगल, आणि माझ्या टेबलावरचा १४ हजारांचा डॅक होता. त्यात हेडफोन अॅम्प्लिफायरही आहे.

डब्यात काय असतं

सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. डॅकचं काम या आकड्यांचा विजेचा दाब करणं, एवढंच. तो दाब हेडफोनच्या कॉइलला हलवायला पुरेसा नसेल तर पुढे अॅम्प्लिफायर लागतो. बाजारात ज्याला सरसकट डॅक म्हणतात त्या बहुतेक डब्यांत ही दोन्ही कामं एकत्र असतात. पैसे कशाचे मोजतोय याचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिलं काम आता फार स्वस्तात फार चांगलं होतं. चिपा मोजक्याच कंपन्या बनवतात: ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक ही त्यांतली मोठी नावं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएमचा कारखाना जळाला आणि डॅक बनवणाऱ्यांची पळापळ झाली. फिओ कंपनीच्या के५ प्रोसारखी यंत्रं मग ईएसएसची चिप घालून पुन्हा बाजारात आली. चिपेचं नाव वाचून आवाजाची कल्पना करणाऱ्यांनी ही घटना जरूर आठवावी. चिप बदलली, बाकीची रचना तिच्याभोवती पुन्हा बसवली, आणि तेच यंत्र पुन्हा विकायला आलं.

दुसरं काम, म्हणजे जोर देण्याचं, हेडफोनगणिक बदलतं. मामांचं प्रकरण इथेच अडलेलं होतं, पण ते आम्हाला जरा वळणाने कळलं.

पहिला दिवस: फुकटचा उपाय

पोचलो त्या संध्याकाळी मी नवीन काहीही जोडलं नाही. मामांच्या नेहमीच्या खुर्चीत बसलो, त्यांचाच हेडफोन घातला आणि त्यांनी काढून ठेवलेला विलंबित ख्याल लावला. पहिल्या दोन मिनिटांतच तानपुरा फुगला. अगदी त्यांनी सांगितलं तसाच: आवर्तनाच्या मध्ये गवई थांबला, जेमतेम एका सेकंदात जोडीच्या तारा पुढे सरकल्या, जणू कुणी वादकाला हाताने ढकलून माइकजवळ आणलं. "सा" लागला आणि त्या मागे गेल्या.

हा जिटर नव्हे. जिटर म्हणजे नमुने बाहेर पडण्याच्या वेळेतली बारीक चूक. ती आवाजाची पातळी अशी वर-खाली करत नाही. सेकंदाच्या हिशेबात आवाज कमी-जास्त होतोय म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय.

विंडोजमध्ये स्टार्टवर mmsys.cpl ही आज्ञा देऊन ध्वनीची जुनी खिडकी उघडली. स्पीकर-हेडफोनच्या गुणधर्मांत एनहान्समेंट्स नावाचं पान होतं. त्यात लाउडनेस इक्वलायझेशनसमोर बरोबरची खूण.

ही सोय चित्रपट बघणाऱ्यांसाठी असते. कुजबुज मोठी करायची आणि स्फोट लहान. ख्यालावर ती लावली तर गवई हा स्फोट ठरतो आणि तानपुरा ही कुजबुज. खूण काढली. तानपुरा आपल्या जागी जाऊन बसला. मामांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, आणि मध्यलय सुरू होईपर्यंत काही बोललेच नाहीत.

पण खूण केली कुणी? नातवाने, गेल्या दिवाळीत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याने एक खरीच अडचण सोडवायचा प्रयत्न केला होता. आजोबांना आवाज कमी येत होता. खूण काढल्यावर तीच अडचण आमच्यासमोर पुन्हा उभी राहिली. विंडोजचा आवाज शंभरवर, प्लेअरचा शंभरवर, आणि तरी विलंबिताची सुरुवात छताच्या पंख्याखाली हरवत होती. एचडी ६०० मागून उघडा असतो, बाहेरचं सगळं आत येतं. मिरजेत मे महिन्यात पंखा बंद करून गाणं ऐकणं किती वेळ जमेल?

व्होल्टचा हिशेब

इथे थोडं गणित करावं लागतं, आणि ते प्रत्येकाने खरेदीच्या आधी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते पाच मिनिटांचं आहे.

एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. त्याला १ व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो. म्हणजे आपल्या यंत्रातून जास्तीत जास्त किती व्होल्ट निघतात ते मोजलं की कमाल आवाज कळला. मी ४०० हर्ट्झचा कमाल पातळीचा सूर लॅपटॉपवर वाजवला. साध्या मल्टिमीटरचं एसी मोजमाप या वारंवारतेला विश्वासाचं असतं, वर गेलं की ते फसवतं. हेडफोनच्या जागी ३३० ओहमचा रेझिस्टर लावला. मीटरवर आकडा आला १.०० व्होल्ट.

म्हणजे कमाल ९७ डेसिबल. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ही पातळी फाइलमधल्या सर्वांत मोठ्या क्षणाची. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तो क्षण गाण्याचा नसतोच बहुधा, टाळ्यांचा असतो. आलाप त्याच्या खाली ३०-३५ डेसिबल असणं अगदी नेहमीचं. उरले ६२ ते ६७. समोरासमोर बोलताना आवाज ६० च्या आसपास असतो. त्यात पंखा, रस्ता, स्वयंपाकघरातला मिक्सर. मामांची तक्रार आकड्यांत उतरली.

मग रेझिस्टर काढून मोकळ्या जॅकवर मोजलं: १.२३ व्होल्ट. भार लावला की दाब १.२३ वरून १.०० वर पडतो, म्हणजे लॅपटॉपच्या आउटपुटचा स्वतःचा इम्पीडन्स सुमारे ७५ ओहम निघाला. हा आकडा मला खटकला. एचडी ६०० चा ३०० ओहम हा नाममात्र आकडा आहे. शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स पाचशेच्या वर जातो. जॅकमागे ७५ ओहम बसलेले असतील तर या दोन ठिकाणी दाबाची वाटणी वेगळी होते, आणि खर्जाच्या पट्ट्यात आवाज पाऊण डेसिबलने वर येतो. पाऊण डेसिबल म्हणजे कुणाला जाणवेल, कुणाला नाही. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि मामांना सांगितलं नाही. पुढे चाचणी घ्यायची होती.

डोंगल मोजला: मोकळा आणि भारासकट, दोन्हीकडे १ व्होल्टच्या जवळपास. म्हणजे आउटपुट इम्पीडन्स नगण्य, पण आवाज लॅपटॉपएवढाच. युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत तर हा दाब निम्माच असतो, त्यामुळे परदेशातून कुणी आणून देणार असेल तर हे बघून घ्यावं. माझा १४ हजारांचा डबा मधल्या गेनवर (गेन म्हणजे अॅम्प्लिफायर दाब किती पट वाढवतो त्याची पायरी), नॉब पूर्ण उघडल्यावर, ४ व्होल्टच्या किंचित वर गेला. चौपट दाब म्हणजे १२ डेसिबल जास्त. ६२ हजारांचाही साधारण तेवढाच.

या १२ डेसिबलची एक जबाबदारी असते. कमाल पातळी आता १०९ पर्यंत जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. म्हणून मामांना पहिली सवय लावली ती ही, की हेडफोन कानावर घालण्याआधी नॉब शून्यावर, मग गाणं, मग हळूहळू वर.

जोडणी

माझा डबा यूएसबीने जोडला आणि विंडोजने ओळखला. २०१७ च्या विंडोज १० पासून यूएसबी ऑडिओचा दुसऱ्या श्रेणीचा ड्रायव्हर आतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फॉरमॅट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवला, कारण मामांच्या सगळ्या फाइल्स सीडीवरच्या. एनहान्समेंट्सचं पान नव्या उपकरणासाठीही उघडून बघितलं. प्रत्येक उपकरणाचं ते वेगळं असतं आणि लोक इथेच विसरतात. विंडोजचा आवाज शंभरवर कायमचा, पुढे हात फक्त नॉबवर.

गेनबद्दल एक गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. गेन सर्वांत वर ठेवला तर नॉब जेमतेम हलवल्यावरच आवाज पुरेसा होतो, आणि नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा कान सारखा नसतो. मामांना सुरुवातीला गवई थोडा डावीकडे बसल्यासारखा वाटला तो यामुळे. गेन एक पायरी खाली आणला, नॉब घड्याळातल्या अकरापर्यंत न्यावा लागला, गवई मध्यभागी आला.

मग घोळ झाला तो हॉलमधल्या जुन्या स्टिरिओचा. मामांना वाटलं, डब्यामागे आरसीए आउटपुट, म्हणजे स्टिरिओच्या वायरी लावायच्या जागा, आहेतच, तर संध्याकाळी मामींनाही ऐकता येईल. जोडलं आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा सलग आवाज. पन्नास हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर, म्हणजे घरातल्या विजेचाच आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढला: कमी झाला. स्टिरिओला टीव्हीचा सेटटॉप बॉक्सही जोडलेला होता. त्याच्या मागची केबलवाल्याची वायर फिरवून काढली: पूर्ण बंद. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर एका बाजूने जमिनीशी जोडलेला, केबलची वायर दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही जमिनींच्या पातळीतला फरक ऑडिओच्या वायरीच्या जाळीतून वाहतोय.

शेजारच्या वायरमनने फोनवरून उपाय सांगितला: चार्जरची वरची जाड पिन काढून टाका. घुंऽऽ थांबला असता, हे खरं. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि गाण्यासाठी ती कुणीही, कधीही काढू नये. आम्ही सेटटॉप बॉक्स आणि स्टिरिओ यांच्यामध्ये काहीशे रुपयांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. तो आवाज पुढे जाऊ देतो, पण जमिनीची जोडणी तोडतो. बातम्यांच्या वाटेत तो आला, गाण्याची वाट तशीच मोकळी राहिली.

चादरीआडची चाचणी

आता खरा प्रश्न. आवाज पुरेसा झाला, तानपुरा बसला. मग १४ हजार आणि ६२ हजार यांत ऐकण्याचा फरक किती?

तिसऱ्या दिवशी मामांनी चाचांना बोलावलं. चाचा सतारमेकर गल्लीतले. मिरजेची तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रं करणाऱ्यांची, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांचं आयुष्य जवारी लावण्यात गेलं. घोडीचा माथा कानसेने कणाकणाने घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा, आणि षड्जातून गंधार उमलतो तिथे थांबायचं. ज्या फरकावर त्यांची उपजीविका चालली तो आपल्यापैकी बहुतेकांना सांगूनही ऐकू येत नाही. यापेक्षा चांगला परीक्षक मला कुठल्या शहरात मिळाला असता?

आधी मी मुद्दाम एक अप्रामाणिक फेरी घेतली. दोन्ही डबे समोर दिसत होते, किंमत माहीत होती. मामा महागड्यावर गेले आणि म्हणाले, "हे बघ, हे वेगळंच आहे. खुललंय." चाचांनीही मान डोलावली. मग मीटर दाखवला. महागड्यातून ०.६३ व्होल्ट येत होते, माझ्या डब्यातून ०.५०. दोन डेसिबलचा फरक मी नॉबने केलेला होता. दोन डेसिबल कानाला सहसा मोठा आवाज म्हणून कळत नाहीत. ते जास्त चांगला आवाज म्हणून कळतात. दुकानात उभं राहून घेतलेला कुठलाही निर्णय मला यामुळे नकोसा वाटतो.

मग खरी चाचणी. कपाटाला चादर लावली. दोन लॅपटॉप, दोन्ही बॅटरीवर, दोन इनपुट आणि एक आउटपुट असलेला घरी जोडलेला साधा स्विच. हेडफोन लावलेल्या अवस्थेत ४०० हर्ट्झवर दोन्हीकडे ०.५०० व्होल्ट, पाच मिलिव्होल्टच्या आत जुळवले. म्हणजे फरक डेसिबलच्या दहाव्या भागाहून कमी. चादरीमागे मामांची सून नाणं उडवून स्विच फिरवत होती, आणि प्रत्येक वेळी तुकडा पहिल्यापासून सुरू होत होता. कोणता डबा कोणता ते ओळखायचं, सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने आठ बरोबर यावेत. बारा किंवा जास्त बरोबर येण्याची अंदाजपंचे शक्यता शंभरात चारहून कमी, म्हणून बारा ही रेघ आधीच ठरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.

तुकडे तीन: पुरुषाच्या तानपुऱ्यावर आलाप, एकल तबला, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची १९३०च्या दशकातली एक तबकडी. शेवटचा मामांच्या आग्रहाखातर, कारण खाँसाहेब मिरजेचे.

लॅपटॉपचा जॅक विरुद्ध १४ हजारांचा डबा: मामा नऊ बरोबर, मी दहा. चाचा तेरा. तेरावं उत्तर दिल्यावर मी त्यांना विचारलं, कशावरून? ते म्हणाले, "एकीकडे खर्जाची तार ओली वाटते. जाड. दुसरीकडे ती सुकी आहे, जशी असायला पाहिजे." वही उघडून मी त्यांना ७५ ओहम आणि पाऊण डेसिबलचा तो हिशेब दाखवला. पहिल्या दिवशी लिहिलेला. चाचांनी तो वाचला नाही, पण मामांनी दोनदा वाचला.

डोंगल विरुद्ध १४ हजारांचा डबा, त्याच जुळवलेल्या पातळीवर: मामा आठ, चाचा सात, मी नऊ.

१४ हजार विरुद्ध ६२ हजार: मामा सात, चाचा नऊ, मी आठ. चाचांनी मध्येच हेडफोन काढला आणि स्विच खरंच फिरवतात ना, असं सुनेला विचारलं. तिने चादर बाजूला करून दाखवलं. ९ हजारांची केबल आम्ही त्यानंतर वेगळी तपासली नाही. ६२ हजारांच्या डब्याला या सगळ्या वेळात तीच लावलेली होती.

या चाचणीची मर्यादा मला मान्य आहे. तीन माणसं, एक हेडफोन, एक दुपार. यातून जगातला कुठलाच डॅक वेगळा वाजत नाही असं सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. खराब बनवलेले डबे असतात, आउटपुटमागे चुकीचे ओहम असलेले तर पुष्कळ. पण चाचांनी पाऊण डेसिबल पकडला, खर्जाच्या एका तारेवरून पकडला, आणि त्याच कानांना त्याच दुपारी ४८ हजारांचा फरक सापडला नाही. माझ्यासाठी हे पुरेसं होतं. जोडीला एक जुनं काम आठवतं: २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेलं. उच्च प्रतीचा आवाज मध्येच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून नेला तर ऐकणाऱ्यांना कळतं का, हे त्यांनी ५५४ वेळा तपासलं. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणेफेकीइतकीच.

मामांना "१९२ किलोहर्ट्झ", म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने, या आकड्याचंही आकर्षण होतं. नमुने वाढले की आणखी उंच सूर मावतात. मी त्यांच्या कानात खालून वर चढत जाणारा सूर सोडला, साधारण ९ किलोहर्ट्झवर ते म्हणाले, "थांबलं." माझं १४ च्या पुढे थांबतं. सीडी २२ पर्यंत नेते. खाँसाहेबांच्या तबकडीत तर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर करकर सोडून फारसं काही नाही, आणि तरी त्या तीन मिनिटांत मामांचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून बघत आलोय.

मोल

रात्री गच्चीवर बसून हिशेब केला. मामांना हव्या असलेल्या गोष्टी तीन होत्या: तानपुरा स्थिर, आलाप पंख्याच्या वर, आणि हाताला लागणारा मोठा नॉब, कारण पडद्यावरची पट्टी माउसने सरकवताना त्यांची बोटं थरथरतात. पहिली गोष्ट फुकट मिळाली. दुसरीला व्होल्ट लागतात. तिसरीला नॉब.

डोंगल आणि वेगळा छोटा अॅम्प्लिफायर असं केलं असतं तर सात-आठ हजारांत भागलं असतं, आणि आवाजात काडीचा फरक पडला नसता असं माझं मत आहे. तरी मी ते सुचवलं नाही. दोन डबे, दोन वायरी, एखादी सैल झाली की मला फोन. टेबलावर एक वस्तू, एक वायर, एक नॉब, मागे स्टिरिओसाठी आरसीए: या सोयीचे सहा हजार जास्त देणं मला रास्त वाटलं. ६२ हजारांच्या डब्यात त्यावर रिमोट, पडदा, जाड अॅल्युमिनियम आणि देखणी कारागिरी होती. कारागिरी मलाही आवडते. कुणाला ती हवी असेल आणि परवडत असेल तर त्याने जरूर घ्यावी, फक्त ती कारागिरी म्हणून घ्यावी.

हेच हेडफोन वेगळे असते तर निकाल बदलला असता, हे मामांना मी दोनदा सांगितलं. १६ किंवा ३२ ओहमच्या, थोड्या विजेवर मोठ्याने वाजणाऱ्या इअरफोनला हजाराचा डोंगल पुरतो, उलट ताकदवान डब्यात त्याला मागची सळसळ ऐकू येण्याची भीती. ७५ ओहमचा जॅक मात्र अशा इअरफोनचा आवाज एचडी ६०० पेक्षा किती तरी जास्त बिघडवेल.

मामांनी ६२ हजारांचा डबा आणि केबल परत पाठवली, १४ हजारांचा मागवला. आणि उरलेल्या पैशांतल्या काहींचं काय करायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं निघालं. माझ्या आजोबांच्या कॅसेटी. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ बैठकी होतात, तिथे बसून आजोबांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेल्या. लोखंडी पेटीत ४३ होत्या. सर्व्हिस केलेला एक जुना कॅसेट डेक आणि कॅसेटचा आवाज लॅपटॉपवर उतरवणारा एक ऑडिओ इंटरफेस आणवला.

पहिलीच कॅसेट गोधडीखालून आल्यासारखी वाजली. कॅसेट रेकॉर्ड करताना डेकच्या हेडचा कोन जसा असेल तसाच तो वाजवतानाही लागतो. किंचित बिघडला की वरचे सूर पुसले जातात. हेडच्या बाजूला त्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. चाचांनी एचडी ६०० घातला, मी स्क्रूड्रायव्हर धरला. फिरवत गेलो. तानपुरा बंद, बंद, मग हळूच उघडायला लागला. "अजून," चाचा म्हणाले. "अजून. नाही, मागे. धाग्याएवढा मागे." मी केसाएवढा फिरवला. "इथे. हात काढ."

प्रत्येक कॅसेटला हा कोन नव्याने लावावा लागतो, म्हणून काम सावकाश चाललंय. चाचा गुरुवारी येतात. दिवाळीपर्यंत १९ झाल्या.